भाव पडला, पाडला कोणी?

मराठीत फुटणं आणि फोडणं ही दोन निरनिराळी क्रियापदं आहेत. तसंच पडणं आणि पाडणं, तुटणं आणि तोडणं, सुटणं आणि सोडणं. हा फरक मूल फार लवकर शिकतं. कपाचे तुकडे फरशीवर पडलेले असतात आणि ते म्हणतं, "कप फुटला." मोठी माणसं विचारतात, "फुटला की फोडलास?" मी बरीच वर्षं हैदराबादेत राहतो. शेजारची छोटी मुलगीही अशा वेळी 'पगिलिपोयिंदि', म्हणजे 'फुटून गेलं', असं म्हणते आणि तिची आई तिला तेलुगूत नेमकं तेच विचारते. तेव्हा ही पळवाट एकट्या मराठीची नाही. पण बाजाराच्या बाबतीत आपण मोठी माणसं हा उलटा प्रश्न विचारायचं सोडून देतो. भाव पडला, म्हणतो. वर्तमानपत्रंही तसंच छापतात. कपाला निदान गुरुत्वाकर्षणाची सबब असते. भाव मात्र कुणीतरी आधीपेक्षा कमी किमतीला विकल्याशिवाय पडत नाही.

हा प्रश्न मला व्याकरणाच्या आवडीतून पडलेला नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर एक छोटा संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यात क्रिप्टोची, म्हणजे कूटचलनाची, खरेदी-विक्री करणारा बॉट चालतो. बॉट हा शब्द भारदस्त वाटतो, काम अगदी साधं आहे. दर पाच मिनिटांनी भाव वाचायचे. दोन सरासऱ्या काढायच्या, एक अलीकडच्या भावांची, एक लांबच्या काळाची. अलीकडची सरासरी लांबचीच्या वर गेली की घ्यायचं. घेतल्या भावाच्या दहा टक्के खाली गेलं की काहीही विचार न करता विकून टाकायचं. या शेवटच्या नियमाला स्टॉपलॉस म्हणतात. मी वापरतो तो प्रोग्राम फ्रीकट्रेड नावाचा आहे. तो मुक्त आहे, कुणीही उघडून वाचावा, बदलावा. नियम मात्र मी लिहिलेले आहेत.

हा बॉट कंटेनरमध्ये चालतो. वाचकांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा विचार या डब्यावरच उभा आहे. शब्द बंदरावरून आला. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून जगाचा मालवाहतुकीचा धंदा बदलला. त्याआधी गोण्या, पिंपं, खोकी एकेक करून माणसं चढवत-उतरवत. कंटेनर आल्यावर क्रेनला आत काय आहे याच्याशी देणंघेणं उरलं नाही. तांदूळ असो की टायर, पेटी तेवढीच लांब, तेवढीच रुंद. मुंबईच्या गोदीत मालाच्या वासावरून धक्का ओळखणारी माणसं होती. न्हावाशेवाचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं ते या बेफिकीर पेट्यांसाठीच. सॉफ्टवेअरमध्ये डॉकर नावाच्या साधनाने २०१३ सालापासून हीच कल्पना घरोघरी पोचवली. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत बंद करायचं, मग ती पेटी कुठल्याही संगणकावर तशीच चालते.

बंदरातल्या पेटीपेक्षा या पेटीत एक गोष्ट जास्त आहे. इथे अज्ञान दुतर्फा असतं. बाहेरच्याला आतलं ठाऊक नसतं, तसंच आतल्यालाही बाहेरचं दिसत नाही. आतला प्रोग्राम समजतो की हा संगणक आपल्या एकट्याचाच आहे. त्याला दाखवलेल्या फायली एवढंच त्याचं जग. पेटी मोडली की आतलं सगळं नाहीसं होतं. नवी पेटी उभी राहते ती कोऱ्या स्मृतीची. काही लक्षात राहायला हवं असेल तर ते पेटीबाहेरच्या फायलीत लिहून ठेवावं लागतं. इथे आत्मा आणि देह, पूर्वसंचित वगैरे बोलण्याचा मोह फार होतो. आमच्या क्षेत्रातली मराठी माणसं तर चहाच्या दुसऱ्या घोटाला गीतेवर येतात. मी तो मोह आवरतो. माझा प्रश्न पेटीच्या आत्म्याचा नाही, माझा आहे.

माझ्याकडे अशा दोन पेट्या होत्या. दोन्ही एकाच साच्यातून काढलेल्या, नियम तेच, भाव तेच, घड्याळ तेच. फरक एका ओळीत. पहिलीत 'ड्राय रन'च्या पुढे 'ट्रू' लिहिलं होतं, दुसरीत 'फॉल्स'. ड्राय रन म्हणजे रंगीत तालीम. भाव खऱ्या बाजारातले घ्यायचे, पण घेणं-विकणं फक्त वहीत मांडायचं. पैसे खोटे, नफा खोटा, हिशेब मात्र चोख. नवशिक्याने आधी तालमीतच चालवावं असा या क्षेत्रातला शहाणा सल्ला असतो. मी तालमीची पेटी पुढेही चालू ठेवली, दोन्हींची तुलना करता यावी म्हणून.

२०२२च्या मे महिन्यात लुना हे नाणं कोसळलं. टेरा नावाचं एक नाणं होतं, ते कायम एका डॉलरएवढं राहील असं आश्वासन होतं. त्या आश्वासनाचा आधार होता लुना. एक टेरा द्या आणि एका डॉलरची लुना घ्या, अशी ती व्यवस्था होती. टेरावरचा विश्वास डळमळला तशी माणसं लुना घेऊन बाहेर पडू लागली, लुना विकू लागली, म्हणून ती स्वस्त झाली. स्वस्त झाली म्हणून एका टेरापोटी आणखी लुना छापावी लागली, म्हणून ती आणखी स्वस्त झाली. महिन्याच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास असलेलं नाणं १३ मेपर्यंत एका सेंटच्याही खाली गेलं. माझ्या दोन्ही पेट्यांमध्ये थोडी लुना होती. घसरण सुरू झाली त्या रात्री दोन्ही पेट्यांनी स्टॉपलॉसच्या नियमाने, एकाच मिनिटाला, जवळपास एकाच भावाला ती विकून टाकली. मी झोपलो होतो. सकाळी फोनवर दोन ओळी आल्या होत्या, एकीच्या आधी 'ड्राय रन' असं लिहिलेलं, एवढाच फरक.

पण दुसऱ्या ओळीच्या पलीकडे कुणीतरी माणूस होता. मी विकलं म्हणजे त्याने घेतलं. चार दिवसांनी त्याच्या हातात धूळ होती. तोही कदाचित बॉटच असेल, पण बॉटामागेही कुणाचे तरी पैसे असतात. हे कोडं मला सोडत नाही. दोन्ही पेट्यांची प्रक्रिया एक. माझा हेतू, जर त्याला हेतू म्हणायचं असेल तर, तोही एकच. नियम एकदाच लिहिला होता. एका पेटीत कुणाचंही काही बिघडलं नाही, दुसरीत माझ्यावर येणारं नुकसान अनोळखी माणसावर गेलं. कृतीचं बरेवाईटपण करणाऱ्याच्या मनात असतं असं आपण धरून चालतो. इथे मन, नियम, क्षण, सगळं समान आणि तरी दोन कृत्यं वेगळी.

यावरची उत्तरं मला ठाऊक आहेत, आणि ती पोकळ नाहीत. घेणाऱ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला त्याच्यापेक्षा जास्त काही माहीत नव्हतं, माझ्या बॉटला तर त्याहून कमी. भाव वर गेला असता तर तोच मला हसला असता. हे सगळं मान्य. फसवणूक झाली असं मी म्हणतच नाही. टेराचा संस्थापक दो क्वॉन याने ऑगस्ट २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. म्हणजे 'पाडला कोणी' याचं एक मोठं उत्तर कायद्याला मिळालं. पण ते दिवस आठवा. भाव पायरी-पायरीने खाली नेणाऱ्या विक्रीच्या ऑर्डरी जगभरातून येत होत्या आणि त्यांत एक माझी होती. फार छोटी. आपल्याकडे रामसेतूच्या खारीची गोष्ट सगळ्यांना येते. चांगल्या कामात आपण खारीचा वाटा उचलला असं मोठ्या नम्रतेने सांगतो. पडझडीतला खारीचा वाटा कुणी उचलल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

माझे थोरले मामा सांगलीला मार्केट यार्डात हळदीची अडत करायचे. आता नव्वदीला टेकलेत. गेल्या दिवाळीत त्यांना मी हे सगळं जमेल तसं समजावलं. पेटी वगैरे त्यांनी सोडून दिली आणि नेमक्या जागी बोट ठेवलं.

"म्हणजे घेणारा कोण ते तुला दिसत नाही?"

"नाही मामा. त्यालाही मी दिसत नाही."

"आमच्याकडून हळद घेऊन बुडालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात यायचा रे. शिव्या द्यायला का होईना, यायचा. बसायचा. त्याला चहा पाजायला लागायचा."

जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, ते मी लहानपणी पाहिलंय. तिथे भाव जगापासून लपलेला आणि माणसं एकमेकांसमोर. एक्स्चेंजवर नेमकं उलटं. भाव साऱ्या जगाला क्षणोक्षणी दिसतो आणि माणसं उपरण्याखाली. बैल खोडील निघाला तर विकणाऱ्याचं गाव माहीत असतं. मामांच्या चहाने बुडालेल्याचं नुकसान भरून निघत नसे हे खरं. पण त्याच्यासाठी एक जागा होती, जिथे येऊन तो म्हणू शकत होता, तुम्ही विकलंत.

यंत्रांच्या नीतीवर जे लिहिलं जातं ते बहुतेक बिघाडाबद्दल असतं. त्याचं आवडतं उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीचं. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला, तिथला जुना, मोडीत काढलेला तुकडा जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरांहून अधिक घालवले. कंटेनर ही अशा घोटाळ्यावरची चांगली मात्रा आहे: आठही ठिकाणी तीच पेटी, एखादी मागे राहायचा प्रश्न कमी. पण माझ्या पेटीत काहीच बिघडलं नव्हतं. सगळं ठरल्यासारखं घडलं होतं, आणि चूक शोधायची सवय लागलेल्या माणसाला यात कुठे हात घालावा ते कळत नाही.

पाणिनीने कर्ता कोण हे सांगताना स्वातंत्र्य हा निकष धरला आणि लगेच पुढच्या सूत्रात, कर्त्याला जो प्रवृत्त करतो त्यालाही कर्ता म्हटलं. मराठी व्याकरणातलं प्रयोजक क्रियापद याच घराण्यातलं: करतो, करवतो. गड्याने विहीर खणली आणि पाटलाने विहीर खणवली, दोघेही कर्ते. पण या रचनेत गडी नाही म्हणू शकतो, निदान कुरकुरू शकतो. माझ्या पेटीला स्वातंत्र्यच नाही. तेव्हा ती करणारी नव्हे, आणि मी करवणाराही नव्हे. मधला कर्ता वजा केला की उरतं ते साधं क्रियापद: मी विकलं. झोपेत का होईना.

आयकर खात्याला हे कधीच कोडं वाटलेलं नाही. १ एप्रिल २०२२पासून अशा उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि विवरणपत्रात बॉटसाठी रकाना नाही. पॅन एकच, माझा. जुलै २०२२पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का कापला जातो. मूळ कल्पना अशी की पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या रकमेतून तो कापावा, जणू दोघं समोरासमोर बसलेत. प्रत्यक्षात एक्स्चेंजच कापतं, कारण त्या दोघांची गाठ फक्त त्याच्याकडेच पडते. या कपातीने माझ्यासारख्या सतत घेणाऱ्या-विकणाऱ्या छोट्या बॉटचं कंबरडं मोडलं हेही खरं, पण तो वेगळा विषय.

मग 'मी विकलं' हे नेमकं कधी घडलं? त्या रात्री नाही. नियम लिहिला तेव्हाही नाही, कारण तालमीच्या पेटीसाठी तोच नियम लिहिला होता. 'ट्रू' पुसून 'फॉल्स' लिहिलं तेव्हा म्हणावं, तर ते एका दिवसाचं काम आणि पेटी चालली महिनोन्‌महिने. उत्तर मला त्याच फायलीत आणखी एका ओळीत दिसलं. पेटी बंद पडली तर काय करायचं, ते तिथे सांगायचं असतं. माझ्या फायलीत लिहिलं होतं, 'अनलेस-स्टॉप्ड'. थांबवलं नसेल तर पुन्हा सुरू हो. वीज जावो, संगणक बंद पडून चालू होवो, पेटी आपोआप उठते. थांबवलं, पण कोणी, हे त्या शब्दात नाही. कप फुटला, भाव पडला, त्याच जातीचा शब्द. रोज सकाळी मी चहा करत होतो, फोनवरच्या ओळी वाचत होतो आणि थांबवत नव्हतो. विकण्याचं काम त्या न थांबवण्यात चालू होतं.

खऱ्या पैशांची पेटी मी मोडलेली नाही. बाजारात विकणं हे पाप आहे असं मला वाटत नाही, आणि वाटत असल्याचं दाखवणं म्हणजे त्या अनोळखी माणसाला चहा न पाजताच समाधान मिळवण्यासारखं होईल. मी फक्त ती ओळ बदलली आहे. आता वीज गेली, संगणक बंद पडला, की पेटी पडून राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते. तालमीची पेटी आपली आपण उठते. दुसरीसाठी मला कपाटापाशी जाऊन हाताने आज्ञा द्यावी लागते. कधी लगेच देतो, कधी दोन-तीन दिवस देत नाही. मागच्या आठवड्यात मंगळवारी वीज गेली होती. अजून दिलेली नाही.