जोर आणि जोख

बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्यांचा वाद निघाला की पॉल एर्डोशचा किस्सा हटकून येतो. १९७१ मध्ये आई गेल्यानंतर हा हंगेरियन गणिती रोज उत्तेजक गोळ्या घेऊ लागला. १९७९ मध्ये मित्र रॉनल्ड ग्रॅहमने पाचशे डॉलरची पैज लावली: महिनाभर बंद करून दाखव. एर्डोशने दाखवले, पैसे घेतले आणि वर सुनावले की तुझ्यामुळे गणित महिनाभर मागे पडले. यावर गोळीवाले टाळ्या घेतात. मूळ संख्यांच्या प्रमेयाची त्याची गाजलेली प्राथमिक सिद्धता १९४९ ची, म्हणजे गोळ्यांच्या सवयीच्या दोन दशके आधीची, हे मात्र कोणी सांगत नाही.

या टाळ्यांना तात्त्विक बैठक दिली तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम आणि टोबी ऑर्ड यांनी, २००६ मध्ये. त्यांची 'उलट कसोटी' अशी: बुद्धी वाढवणे वाईट म्हणता, मग थोडी घटवणे चांगले का? तेही नको असेल, तर आज आहे तीच पातळी नेमकी सर्वोत्तम कशी, ते दाखवा. नाही तर तुमचा विरोध म्हणजे नुसती आहे त्याला चिकटून राहण्याची खोड. युक्तिवाद देखणा आहे. उत्क्रांतीने साधलेला तोल, बदलाची किंमत हे आक्षेपही त्यांनी आधीच हिशेबात धरलेत. तरी गफलत पायातच आहे. शेगडीच्या बटणासारखी बुद्धी एकाच पट्टीवर कमी-जास्त होत असेल, तरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

तशी ती होते का? एलिझाबेथ बोमन, पीटर बोसार्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये चाळीस निरोगी तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काम झोळी भरण्याचे. प्रत्येक वस्तूचे वजन वेगळे, किंमत वेगळी. झोळी ठरावीक वजनच पेलणार. त्यात जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचा. (गावाहून एसटीने परतणाऱ्या कुणालाही हे कोडे नवे नाही.) मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल किंवा डेक्सअँफेटामाइन यांपैकी एखादे उत्तेजक औषध घेतलेली मंडळी कोड्यापाशी जास्त वेळ बसली, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर करत राहिली. पण दर हालचालीमागे पदरात पडणारी किंमत घटली आणि निवड भरकटत गेली. औषध नसलेल्या नकली गोळीवर सरासरीच्या वर असलेले कितीतरी जण औषधावर सरासरीखाली आले.

चाळीस माणसांवरून जगाचा निकाल लागत नाही, हे मान्य. पण 'बुद्धी' या एका शब्दात कोंबलेल्या दोन गोष्टी इथे सुट्या होतात. एक जोर: नेटाने बसण्याची ताकद. दुसरी जोख: काय उचलायचे, काय ठेवायचे, कुठे थांबायचे याची पारख. पहिली वाढली, दुसरी उतरली. मग बोस्ट्रॉम-ऑर्ड यांच्या प्रश्नातली 'वाढ' नेमकी कशाची?

त्यांच्या बाजूचा हुकमी पत्ता म्हणजे आयोडीन. मिठात ते घालून बुद्धी सावरली, ते वाईट होते का? पण आयोडीन मेंदूला ढकलत नाही. गर्भातल्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉइडचे संप्रेरक त्याविना बनतच नाही. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामींच्या चमूने आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंड ओसरला. उणीव मोजता येते, भरून काढता येते. भरल्यावर आणखी ओतत राहिले तर हुशारी वाढत नाही, थायरॉइड मात्र बिघडू शकते.

गोळ्यांना विरोध करणाऱ्यांचेही सगळे पटत नाही. बुद्धीला 'देणगी' मानणारे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांची काळजी भाविकाची आहे, ती बाजूला ठेवावी. आधी नीती वाढवा, मग बुद्धी, हा तत्त्वज्ञ पर्सन आणि सावुलेस्कू यांचा आग्रह म्हणजे एका न मिळालेल्या गोळीवर दुसरीचा उतारा.

२००८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने आपल्या वाचकांना विचारले, तेव्हा साठ देशांतल्या सुमारे १,४०० जणांनी उत्तरे दिली. पाचातल्या एकाने वैद्यकीय गरज नसताना अशी औषधे घेतल्याचे कबूल केले. सर्वाधिक सांगितलेले कारण एकाग्रता हे होते: म्हणजे जोर, जोख नव्हे.