देव कुठल्या फळीत?

वांगणीत आमचं गॅरेज म्हणजे घरालगतची पत्र्याची पडवी. मोटारसायकल बाहेर काढली की तिथं सुतारकाम. कामाच्या टेबलाला वरून ऐन घालावा की साग, यात बरेच दिवस गेले. ऐन कणखर, पण वाळताना पिळतो, चिरतो. साग आकार धरतो, वाळवीलाही सहसा दाद देत नाही. शेवटी जुनी, दोन इंच जाडीची सागाची फळी घेतली.

आई म्हणाली, "लाकडातच आपला वाघोबा देव, नि तू लाकडावर हातोडा घालणार?"

पण वाघोबाही पटाशी-हातोडीनंच घडतो ना! जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, नाचणारा देवाचा लाकडी मुखवटाही आधी असाच ठोके खातो. देवपण लाकडात असेल, तर ते उभ्या झाडातही हवं. माणसाच्या मानण्यात असेल, तर खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावताना टेबल का वगळायचं? मला दुसरं पटतं, पण पुरतं नाही. नुसतं मानणं पुरलं असतं तर प्लायवुडही चाललं असतं, आणि प्लायवुडवर आई फूल ठेवणार नाही. (मीही नाही, खरं तर.)

फळी स्क्रूनं बसवली आहे, झिजली की उलटता येईल. आईचा नवा प्रश्न तयार आहे: उलटल्यावर पूजा कुठल्या बाजूची?