वसंत, तारुण्य आणि अमानत

दिव्य कुरआन मानवाला वारंवार सृष्टीकडे डोळे उघडून पाहण्यास सांगतो. सूरह अर्-रूमच्या ५० व्या आयतीत अल्लाहने आपल्या कृपेच्या खुणा पाहण्याची आज्ञा दिली आहे. मृतवत झालेल्या जमिनीला तो कसा नव्याने जिवंत करतो ते पाहा, जो हे करतो तोच मृतांनाही उठविणारा आहे, असा त्या आयतीचा आशय आहे. सोलापूरच्या कोरड्या माळरानावर ही खूण दरवर्षी उमटते. होळीच्या आसपास कडुनिंबाची जुनी पाने गळतात, कोवळी तांबूस पालवी फुटते आणि थोड्याच दिवसांत झाड बारीक पांढऱ्या मोहोराने भरून जाते. महिनोन्महिने पाऊस नसतो, तरीही त्या झाडाला त्याचा पालनकर्ता विसरत नाही.

परंतु आपल्या जिल्ह्यातील वसंत अल्पायुषी असतो. फेब्रुवारीतील सुखद सकाळ मार्च संपेपर्यंत ओसरते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारी हिरवी डोलते, पिवळी पडते, कापली जाते आणि मागे केवळ धसकटे उरतात. सूरह अल्-हदीदच्या २० व्या आयतीत ऐहिक जीवनाला नेमकी हीच उपमा दिलेली आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण बंधू-भगिनींनो, तुमचे तारुण्य हाही असाच एक ऋतू आहे. त्याचा जोम पाहून तो कायम राहील असे वाटते, पण तो थांबत नाही.

शरीर कोणाचे?

आपण सहज म्हणतो, माझे शरीर, माझी मर्जी. इस्लामची शिकवण याहून वेगळी आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. आपण तिचे मालक नसून विश्वस्त आहोत आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, अंतिम निवाड्याच्या दिवशी मनुष्याला आयुष्य कशात घालविले आणि तारुण्य कशात खर्ची पडले हे विचारले जाईल (तिर्मिजी). तारुण्य हा आयुष्याचाच भाग आहे, तरीही त्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केला गेला. यावरून त्याचे मोल कळते. बुखारीतील एका हदीसनुसार आरोग्य आणि फावला वेळ या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुसंख्य लोक तोट्यात राहतात. या दोन्ही देणग्या ज्याच्यापाशी एकाच वेळी असतात, असा मनुष्य म्हणजे बहुधा विद्यार्थीच!

येथे माननीय सलमान फारसी (रजि.) आणि माननीय अबू दर्दा (रजि.) यांचा प्रसंग ध्यानात घेण्यासारखा आहे. अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान (रजि.) त्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेले, तेव्हा त्यांनी यजमानांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. तुझ्या पालनकर्त्याचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या देहाचा व घरच्यांचाही हक्क आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क दे, असे त्यांनी समजावले. ही गोष्ट प्रेषितांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरविले (बुखारी). विचार करा, उपासनेसाठी केलेल्या जागरणालाही जर मर्यादा घातली गेली, तर मोबाईलच्या पडद्यापुढे केलेल्या जागरणाचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करणार?

रात्र आणि पहाट

सूरह अन्-नबामध्ये निद्रेला विश्रांती, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला उपजीविकेचा काळ म्हटले आहे. प्रेषितांना इशाच्या नमाजपूर्वी झोपणे आणि इशानंतर निष्कारण गप्पा मारीत बसणे आवडत नसे (बुखारी). पहाटेच्या कामात आपल्या अनुयायांना बरकत लाभावी अशी त्यांनी प्रार्थना केली (अबू दाऊद, तिर्मिजी). आजचे वैद्यकशास्त्रही सांगते की, प्रौढ तरुणाला सात ते नऊ तासांची झोप लागते, दिवसभर वाचलेले झोपेतच स्मरणात पक्के होते आणि रात्रीचा झगझगीत प्रकाश झोप लांबवितो.

परीक्षा तोंडावर आल्या असता झोपणार कसे, असा प्रश्न कोणी विचारील. साधा हिशेब करू या. मार्चच्या मध्यास सोलापुरात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. इशाची नमाज साडेआठपर्यंत आटोपली, त्यानंतर दीड तास अभ्यास केला आणि दहा वाजता अंथरुणाला पाठ टेकली, तर पहाटे पाचला पूर्ण सात तास होतात. फजरनंतर सकाळचे दोन तास हाती येतात. त्या वेळी हवा थंड असते, मन ताजे असते आणि घरात किंवा वसतिगृहात शांतता असते. दुपारी थोडा वेळ आडवे होणे, ज्याला कैलूला म्हणतात, तीही प्रेषितांची व त्यांच्या सोबत्यांची रीत होती. मात्र ती विसाव्यापुरती असावी, असरपर्यंत लांबू नये.

ताट आणि पेला

खा, प्या, परंतु अतिरेक करू नका, ही सूरह अल्-अअ्राफच्या ३१ व्या आयतीतील आज्ञा आहे. प्रेषितांनी पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवण्यास सांगितले (तिर्मिजी). ते काकडी ताज्या खजुराबरोबर खात. कलिंगडासारखे फळही खजुराबरोबर घेत आणि एकाची उष्णता दुसऱ्याच्या थंडाव्याने शमते असे सांगत. ऋतू ओळखून जेवावे, हा बोध यातून मिळतो.

बाहेरगावाहून येऊन खोलीवर राहणारे विद्यार्थी तळलेले पदार्थ आणि शीतपेये यांवर दिवस काढतात, तेव्हा आपल्याच मातीतील अन्नाकडे त्यांची पाठ असते. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, डाळ, ताक, काकडी, कलिंगड हे सारे येथे मिळते आणि खिशाला परवडते. चटणी तेवढी बेताची असावी!

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे, बसून आणि तीन श्वासांत प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर शरीरातील पाणी कमी पडत आहे असे समजावे. घाम फार गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट घ्यावे. उन्हात कोणी बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ऊन अंगावर घेण्यात मर्दुमकी नाही. उन्हाची तीव्रता वाढली असता जुहरची नमाज थोडा थंडावा येईपर्यंत लांबविण्याची मुभा स्वतः प्रेषितांनी दिली (बुखारी, मुस्लिम). नमाजसारख्या श्रेष्ठ उपासनेत जर देहाची ही सोय पाहिली गेली, तर क्रिकेटचा सामना भर दुपारी कशासाठी? खेळ अवश्य खेळा, कारण सबळ श्रद्धावंत हा दुर्बल श्रद्धावंतापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे (मुस्लिम). पण त्यासाठी फजरनंतरची किंवा असरनंतरची वेळ निवडा.

एक पुडी

आता एक कटू गोष्ट. महाविद्यालयाच्या परिसरातील टपरीवर मैत्रीची सुरुवात अनेकदा माव्याच्या पुडीने होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी हातातील पुडी काढून घेत नाही. सुपारीच्या सततच्या सेवनाने तोंडाचे आतले अस्तर आखडते, तोंड पुरेसे उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका उभा राहतो. ज्या जिभेने कुरआनचे पठण करायचे तिचीच ही गत होते. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा सूरह अल्-बकराच्या १९५ व्या आयतीत इशारा आहे. तुमच्या शुल्काची रक्कम घरी यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहून किंवा विड्या वळून कोणीतरी जमविलेली असते. त्या घामाचे पैसे विषावर उधळणे हा देहाचा आणि आई-वडिलांचा, दोघांचाही हक्क मारणे आहे. जो मित्र पुडी पुढे करतो त्याचा तिरस्कार करू नका, त्याचा हात धरा आणि दोघेही त्या टपरीपासून दूर व्हा.

रमजानची शिदोरी

चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. अलीकडच्या वर्षांत तो वसंताच्या सुमारास आला आहे. पहाटे उठणे, ठरल्या वेळी खाणे, वासनेला नाही म्हणणे या सवयी तो एका महिन्यात लावून देतो. जो विद्यार्थी संपूर्ण दिवस पाण्याविना संयम राखू शकतो, त्याला पुडीवाचून राहता येत नाही हे पटण्यासारखे नाही. ईदच्या चंद्राबरोबर या सवयींना निरोप देऊ नका.

अखेरीस, आरोग्य स्वतःपुरते ठेवण्याची वस्तू नाही. माननीय सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत मातेसाठी कोणते दान उत्तम, असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी पाणी पाजणे हे उत्तर दिले. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा लाभल्याचे बुखारीत आले आहे. सोलापूर शहराची तहान दूरच्या उजनीवर भागते आणि नळाला रोज पाणी येत नाही. प्रेषित एक मुद्द, म्हणजे दोन हातांची भरलेली ओंजळ, एवढ्या पाण्यात वुजू करीत. तुम्ही वाचविलेले पाणी महाविद्यालयाच्या दारातील एका माठात आणि पक्ष्यांसाठी भिंतीवर ठेवलेल्या एका परळात जाऊ द्या. त्या माठातून पिणाऱ्याचा धर्म विचारू नका.

हे अल्लाह! आमच्या तरुण मुला-मुलींना निरोगी देह, शांत झोप आणि जागृत अंतःकरण दे. वार्धक्यापूर्वी तारुण्याची व आजारापूर्वी आरोग्याची कदर करण्याची सद्बुद्धी आम्हा सर्वांना दे. आमीन.