अस्सलबरहुकूम

गेल्या भाद्रपदात आमच्या घरचा जुना सीडी प्लेअर निकामी झाला. त्याच्या लेसरचे तेज मंदावले होते, आणि आत घातलेली तबकडी तो कितीतरी वेळ फिरवीत राही, पण वाचीत नसे. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर सुस्थितीत असल्यामुळे केवळ एक नवे यंत्र आणावे, एवढ्याच विचाराने मी पुण्यातील एका दुकानात गेलो. परंतु तेथे दोन यंत्रांपुढे लागोपाठ दोन दुपारी बसल्यावर ध्यानात आले की, मीमांसक आणि नैयायिक ज्या प्रश्नांवर शतकानुशतके वाद घालीत आले, त्यांतून सुटका करून घेतल्यावाचून मला यंत्र निवडता येणार नव्हते.

मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्मत नाही, तर अंधारात असलेला घट दिवा आणल्यावर दिसावा तसा केवळ अभिव्यक्त होतो. उलटपक्षी नैयायिक म्हणतात की, शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो, लाटेतून लाट उठावी तसा पसरत कानापर्यंत येतो आणि नाश पावतो. आता, 1982 साली जपानात प्रथम विक्रीस आलेल्या या 12 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीकडे पाहिले तर प्रथमदर्शनी कौल मीमांसकांच्या बाजूने पडतो. तिच्यावर ध्वनी असा नाहीच. एका सेकंदात 44,100 वेळा ध्वनितरंगाचे मोजमाप घेऊन, प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवून लिहून ठेवलेले ते अंक आहेत, आणि अंकांची नक्कल, पूर्वीच्या कचेऱ्यांत म्हणत त्याप्रमाणे, अस्सलबरहुकूम होऊ शकते. दोन मापांच्या मधला ध्वनी हरवतो अशी पुष्कळांची समजूत असते, ती मात्र निराधार होय. मोजमापांच्या संख्येच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचे सर्व स्वर त्या अंकांतून निःशेष परत मिळतात, हे क्लॉड शॅनन यांनी 1949 सालच्या आपल्या निबंधात सिद्ध करून दाखविले आहे, आणि माणसाचा कान 20,000 कंपनांच्या पलीकडे सहसा जात नाही. तेव्हा गाणे तेथे आहेच, यंत्र हा केवळ दिवा. मग दिवा पितळेचा की मातीचा, याची चिकित्सा कशासाठी करावी?

परंतु मी बरोबर नेलेली तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याची होती. खाँसाहेब 1937 साली निवर्तले. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तव्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत सामावलेले त्यांचे गाणे पुढे अशा तबकड्यांवर उतरविण्यात आले. ‘जमुना के तीर’ ही भैरवीतली ठुमरी मी लावली, आणि ती ऐकत असताना मीमांसकांच्या सिद्धांतातील एक गोष्ट मला प्रथमच बोचली. त्यांचा नित्य शब्द म्हणजे वर्ण. गकार कोणीही उच्चारला तरी तो तोच गकार, आणि उच्चारातील लहानमोठेपणा, जाडीभरडी, चढउतार हे सारे नादाचे, शब्दाचे नव्हे. त्या ठुमरीतले चार शब्द कोणीही म्हणू शकेल. पण तो बारीक, ओलसर, तंबोऱ्याच्या तारेत विरघळून जाणारा स्वर, ज्याच्यासाठी मी आयुष्यभर यंत्रे बाळगली, तो मीमांसकांच्या विभागणीत अनित्य नादाच्या वाट्याला जातो! माझे सर्वस्व ज्या खात्यावर मांडले गेले, ते खाते जेथे खरे मानले जाते तेथेच मला जाणे प्राप्त होते. म्हणून मी नैयायिकांचा पक्ष स्वीकारतो: तो स्वर माझ्या खोलीतल्या हवेत दर वेळी नव्याने जन्मतो, आणि अंकांचा पुन्हा तरंग करणारे यंत्र हे त्याच्या जन्माचे एक कारण असते.

पहिल्या दुपारी दोहोंपैकी महागडे यंत्र मला अधिक भरदार वाटले. न्यायशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही सोबत होते, त्यांनी शांतपणे विचारले, “आपल्या कानाने सांगितलं ते खरं कशावरून?” ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत ते खरे मानावे, हे मीमांसकांचे म्हणणे; त्याचे प्रामाण्य बाहेरून ठरवावे लागते, हे नैयायिकांचे. दुसऱ्या दुपारी बाधक पुढे आले. अशी यंत्रे रूढीप्रमाणे जास्तीत जास्त 2 व्होल्ट देतात. महागडे यंत्र त्याहून थोडे अधिक देत होते, आणि किंचित मोठा आवाज कान ‘मोठा’ म्हणून ओळखत नाही, ‘चांगला’ म्हणून ओळखतो. दोहोंची पातळी मोजून सारखी केली, यंत्रे दृष्टीआड ठेवली, आणि त्यानंतर मला एकदाही खात्रीने भेद सांगता आला नाही.

भेद दिसला तो वेगळ्याच जागी. माझ्या तबकडीवर एक जुना ओरखडा आहे. तबकडीवर अंक लिहिताना पुरवणीचे अंक घालून ते सारे विखरून ठेवलेले असतात, त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड पडला तरी हरवलेला मजकूर गणिताने जसाच्या तसा मिळतो. खंड त्याहून मोठा असला तर यंत्र शेजारच्या अंकांवरून अनुमान करून जागा भरते, आणि तेही अशक्य झाले की मौन पत्करते. महागडे यंत्र त्या ओरखड्यावर निमिषभर मुके झाले. दुसऱ्याने पंचमावरचा तो मुक्काम अखंड ऐकविला. मी आनंदलो, पण स्नेही म्हणाले, “वाचला की अनुमानला?” मोडी दप्तरांच्या साक्षेपी संपादकांचा शिरस्ता असा की, कागद कसरीने खाल्ला असेल तेथे टिंबे द्यावीत, आपल्या पदरचा शब्द घालू नये. या यंत्राने टिंबे दिली नव्हती, आणि कानाला तर काहीच कळत नव्हते.

ते दुसरे यंत्रच मी घरी आणले आहे. रोज रात्री ठुमरी त्या जागेवर आली की मी श्वास रोखून ऐकतो, आणि तेवढा स्वर खाँसाहेबांचा की यंत्राचा, हे मला सांगता येत नाही. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. स्नेही पुढल्या महिन्यात मिरजेस जाणार आहेत, आणि तेथील एका वृद्ध गृहस्थांकडे याच तबकडीची बिनओरखड्याची प्रत असल्याचे कळते. ती मिळाली की त्या एका क्षणाची रुजवात घालावयाची असे ठरले आहे.