बेंबीपासून लांब

सकाळचे सव्वासहा. गॅसवर चहा, डब्यात पोळीभाजी, आणि आतल्या खोलीतून हाक, "आजी, पोटात दुखतंय." गेल्या श्रावणापासून आमच्याकडे दिवस असाच उजाडायचा. कुठं दुखतंय म्हटलं, की आठ वर्षांची नात अख्खा पंजा बेंबीवर ठेवायची. एका बोटानं जागा दाखवली असं कधी झालं नाही.

मी माझ्या परीनं सगळं केलं. कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावला, ओवा-सैंधव दिलं, मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, बेंबी सरकली असेल, चोळून घ्या. तेवढं मात्र होऊ दिलं नाही. सूनबाईंची फाइल निराळीच चालली होती. जंतांची गोळी झाली, रक्त-लघवी झाली, शेवटी सोनोग्राफी. तिच्यात पोटात बारीक गाठी दिसल्या आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. आपल्याकडे गाठी म्हटलं की पहिला टीबीच आठवतो.

बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहून बाजूला ठेवला. एवढ्याशा गाठी धडधाकट मुलांतही दिसतात, म्हणाले. मग प्रश्न सुरू झाले. रात्री झोपेतून दुखून उठते का? वजन उतरलंय? शौचावाटे रक्त? हिरवी उलटी? ताप? सगळ्याला नाही. यातलं एक जरी हो असतं तर पुढचा रस्ता वेगळा होता.

ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ली नावाच्या डॉक्टरांची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या दहाअकरा मुलांना असं परत परत उठणारं दुखणं होतं. अशा मुलांपैकी फार थोड्यांतच एखाद्या अवयवाचा आजार सापडतो. ॲप्लींचा ठोकताळा असा, की दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकं त्यामागं काहीतरी निघण्याची शक्यता जास्त. आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून मूल बेंबीच दाखवतं. पण हेही बजावलं, की अपेंडिक्सही आधी बेंबीपाशीच दुखतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. ठोकताळ्यावर डोळे मिटून झोपायचं नाही.

"म्हणजे नाटक करतेय," मुलगा सुटकेच्या सुरात म्हणाला. मी बोलले नाही, पण मनात तेच होतं. एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय, परीक्षेच्या दिवशी दुखणारी पोटं काय थोडी पाहिली? डॉक्टर जरा चिडलेच. दुखणं खरं आहे, म्हणाले, कारण सापडलेलं नाही, एवढंच. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला सोडून तिला विचारलं, "शाळेत शीला जातेस?"

तिनं आईकडे पाहिलं. "नाही."

"का गं?"

"दाराला कडी नाही."

शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची, त्यावरून मी रोज रागवत होते. पाणी प्यायलं की जावं लागतं, हा तिचा साधा हिशोब. सकाळी घाई, शाळेत कडी नाही, घरी येईपर्यंत कळ जिरलेली. मळ आत राहिला की सुकतो, दगड होतो. आतडं ताणलं जातं आणि आलेली कळही मग उमगेनाशी होते. डॉक्टरांनी पोटाला डावीकडे खाली हात लावला आणि माझाही हात तिथं ठेवला. खडे लागत होते. मुलं गोष्टी पोटात ठेवतात असं आपण म्हणतो. हिनं तर शब्दशः ठेवल्या होत्या.

आता मळ मऊ ठेवणारं औषध चालू आहे, बरेच महिने चालेल. नाश्ता झाला की दहा मिनिटं बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा, त्यासाठी उठणं पावणेसहाला. मुलगा शाळेत जाऊन बोलून आला. कडी अजून बसायची आहे.

मला मात्र आमच्या शाळेतला मागचा व्हरांडा डोळ्यांसमोरून हलत नाही. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडीही होती, कुलूपही. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. मुली आपल्या जोडीजोडीनं जायच्या, एक आत, एक बाहेर दार धरून. "तेवढ्यासाठी दोघी कशाला लागतात गं?" मी वर्गातूनच ओरडायची, आणि उत्तर यायच्या आत फळ्याकडे वळलेली असायची.