मांडी घालता येत नाही, पांडुरंगा

पांडुरंगा, खुर्चीवर बसून बोलते आहे, राग मानू नकोस. मांडी घातली की थोड्याच वेळात कंबरेतून दोन्ही पोटऱ्यांपर्यंत आग उतरते. तू कायमचा उभा. बसण्याच्या तक्रारी तुझ्यापुढे मांडाव्यात की नाही, कोण जाणे. पण इतकी वर्षं दुसरं कोणी पुरतं ऐकून घेत नव्हतं.

हे दुखणं तीन गोष्टींनी हटकून वाढतं. मांडी घालून बसणं, ओट्यापाशी किंचित वाकून भांडी विसळणं आणि तान्हं मूल कमरेशी धरून उभं राहणं. शोकेई यामादा नावाच्या न्यूरोसर्जनने या तीन खुणा नोंदवून ठेवल्या आहेत. पहिलीला तर त्यांनी बुद्धाची बैठक म्हटलं. म्हणजे पूजा, स्वयंपाकघर आणि नातवंड! माझ्यासारखीचा दिवस याबाहेर उरतो किती? मग घरच्यांना वाटतं, हिला कामाचा कंटाळा आलाय.

घडवणारा तूच, तरी सांगते. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू कण्याएवढाच लांब असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, तो मागे राहतो, आणि मोठ्या माणसात त्याचं टोक कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येऊन थांबतं. त्या टोकाला एक बारीक लवचीक धागा असतो. कुणाकुणात तो जाड, चरबीने भरलेला, ताठ निघतो आणि खुंटीच्या दाव्यासारखा मज्जारज्जूला खाली ओढून धरतो. त्या ताणाने तिथल्या पेशींना ऑक्सिजन नीट वापरता येत नाही, हे यामादांनी १९८१ साली दाखवून दिलं. बालपण सुखाचं जाऊ शकतं. मग वर्षानुवर्षांच्या वाकण्याने ताण साचतो, आणि तिशी-चाळिशीत पाय जड होतात, मुंग्या येतात, लघवी तुंबते नाहीतर आवरत नाही.

खरं कारण सापडेपर्यंत ‘गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘सायटिका’, पट्टा, शेक, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. डॉक्टरांना दोष देण्यासाठी आले नाही मी. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या पाठीच्या एमआरआयमध्येही बहुधा चकतीचं काहीतरी दिसतं, आणि जे दिसतं त्याच्यावर आळ येतो. काहीच दिसलं नाही, तर आळ मनावर येतो. बाई असली की जरा लवकरच येतो.

माझ्यासारखी आणखीही माणसं आहेत, देवा, त्यांचंही ऐक. कुणाच्या मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी वाढत असते. मान-खांदे ठणकतात, आणि त्याच माणसाला गरम तव्याचा चटका मात्र कळत नाही. बोटावर फोड दिसतो तेव्हा समजतं. सिरिंगोमायेलिया हे त्याचं नाव १८२७ पासून पुस्तकात आहे. अनेकदा मूळ कारण मेंदूच्या तळाशी असतं: लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या भोकातून मानेत उतरलेला, आणि खोकला की डोक्याच्या मागे कळ. कुणाचा मज्जारज्जू मानेतच दाबला जातो. शर्टाची बटणं लागत नाहीत, चाल अडखळते, आणि एमआरआय निघतो कंबरेचा. फोटो जिथला काढला तिथलाच येणार. मानेतलं सांगणार कुठून?

म्हणून माझं मागणं लहान आहे. तपासणाऱ्याला बुद्धी दे, की कागद बाजूला ठेवून त्याने पाठ उघडी करून बघावी, पायाच्या तळव्यावर रेघ ओढून अंगठा कुठे वळतो ते पाहावं. लघवीचं त्याने आपणहून विचारावं, कारण आम्ही लाजेने सांगत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याची नजर चकत्यांवरून आणखी थोडी हलू दे, मज्जारज्जूचं टोक कुठवर आलंय ते त्याने मोजावं. ऑपरेशनला टेबलावर झोपणाऱ्यांना धीर दे आणि खरी आशा दे: वेदना बहुतेकांची कमी होते, मूत्राशय तितक्या भरवशाने सुधारत नाही, आणि सोडवलेला मज्जारज्जू पुन्हाही चिकटू शकतो. हे त्यांना आधी कळू दे. माझं ऑपरेशन ठरलं आहे. त्याबद्दल वेगळं काही मागत नाही, तुला ठाऊक आहे.

एकच राहिलं. बाळंतिणीच्या घरी तान्ह्याला तेल लावणारी मावशी असते ना, तिच्या हाताला डोळे दे. बाळाच्या कंबरेखाली मधोमध केसांचा झुपका, चरबीची गाठ किंवा कुल्ल्यांच्या फटीच्या बरीच वर खोल खळी लागली, तर ‘नशीबवान आहे गं’ म्हणून तिने पुढे जाऊ नये. बाळाच्या आईला तिने सांगावं, डॉक्टरांना दाखवून घे. पहिले तीन-चार महिने साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो. नंतर हाडं घट्ट होतात.