नाव ठेवलं, नवस राहिला

आजचा शास्त्रभाग : १ शमुवेल १:९-२८
जोडून वाचा : १ शमुवेल ८:१-५ आणि १२:१९-२३, लूक १:५-२५ आणि १:५७-७५



गेल्या आठवड्यात मुलीच्या बालवाडीतून मेसेज आला. प्रत्येकाने आपल्या नावाचा अर्थ घरी विचारून यायचं. शाळेत आमची मुलगी अलिशा आहे. पण पाटसला तिच्या समर्पणाच्या दिवशी माझ्या आजीने ठेवलेलं खरं नाव अलीशिबा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आईचं नाव.

मी तिला सांगितलं, "बाळा, अलीशिबा म्हणजे माझा देव शपथ आहे."

"शपथ म्हणजे काय, पप्पा?"

"म्हणजे दिलेला शब्द. जो मोडायचा नसतो."

"बरं," म्हणाली आणि खेळायला पळाली. मी मात्र लॅपटॉपसमोर तसाच बसून राहिलो. कारण तिच्याच नावावर दिलेला एक शब्द मी चार वर्षं मोडत आलो होतो.

ती सातव्या महिन्यात जन्मली. वजन चौदाशे ग्रॅम. एकोणीस रात्री ती काचेच्या पेटीत होती आणि आम्ही बाहेर. त्यातल्या एका रात्री हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून मी म्हटलं, "प्रभू, हिला घरी येऊ दे. पाटसच्या लेकरांची शब्बाथ शाळा मी दर रविवारी घेईन." कोणी मला तसं म्हणायला लावलं नव्हतं.

ती घरी आली. मी पाच रविवार गेलो. मग एका शनिवारी रात्री रिलीज होता. मग ऑन-कॉल होतं. मग आम्ही खराडीत फ्लॅट घेतला आणि पाटसचा टोलनाका महिन्यातून एकदा दिसू लागला. नवस काही एका दिवसात मोडला नाही. मीटिंगसारखा पुढे ढकलत गेलो, आणि एक दिवस कॅलेंडरवरून तो दिसेनासाच झाला.

म्हणून आज काही नावं घेऊन बसू या. शास्त्रात नाव म्हणजे बहुतेक वेळा कोणाची तरी प्रार्थना असते.

१) हन्ना : हाक मारताना आठवणारा नवस

हन्नाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मूल नाही, पनिन्नेचे टोमणे, शिलोतलं रडणं. ओठ हलतात पण आवाज नाही, म्हणून एली याजकाला वाटतं ही प्यायलेली आहे. आपण बहुतेक प्रवचनं इथेच थांबवतो : हन्नाने मागितलं, देवाने दिलं, हालेलुया!

पण धडा अजून संपलेला नाही. विसाव्या वचनात ती बाळाचं नाव शमुवेल ठेवते आणि कारणही सांगते, की याला मी परमेश्वराजवळ मागितलं. या नावाचा अर्थ अभ्यासक वेगवेगळे लावतात. देवाचं नाव, किंवा देवाने ऐकलेला. हन्नेच्या मनात मात्र ते मागण्याशी बांधलेलं आहे. अठ्ठाविसाव्या वचनात ती त्याला परमेश्वराला देऊन टाकते, तिथे मूळ इब्री भाषेत मागण्याच्याच धातूतले शब्द येतात. मागितलं तेच परत केलं.

या दोन वचनांच्या मधला काळ बघा. बाळाचं दूध तुटेपर्यंत ती घरीच राहिली. त्या काळात याला दोन-तीन वर्षंही लागत. तेवढे दिवस ती त्याला जेवायला, झोपायला, अंगणातून आत यायला हाक मारत असेल, शमुवेल! आणि दर हाकेला स्वतःचा नवस तिच्या स्वतःच्या कानावर पडत असेल. विसरायची सोयच तिने ठेवली नाही.

मी नेमकं उलटं केलं. अलीशिबाची अलिशा केली. माझं नाव शमुवेल, पण ऑफिसात मी सॅम. नावं छोटी करायला हरकत काहीच नाही. पण त्यांच्यातली आठवण मी कधी छाटून टाकली ते मला कळलं नाही.

आणखी एक गोष्ट. पुढच्या अध्यायात हन्ना दर वर्षी लहानसा झगा शिवून शिलोला नेते (२:१९). मूल वाढतं, त्यामुळे दर वर्षी माप नवं. समर्पण एकदाच करून भागत नाही. नोकरी बदलली, लग्न झालं, मूल झालं, शहर बदललं, की त्याचंही माप पुन्हा घ्यावं लागतं. जुन्या मापाचा झगा होत नाही, आणि आपण म्हणतो, "प्रभूची सेवा आता जमत नाही."

२) योएल, अबीया आणि शौल : नाव चांगलं, आत वेगळंच

शमुवेलाने आपल्या मुलांची नावं किती सुंदर ठेवली! योएल, म्हणजे यहोवा हाच देव. अबीया, म्हणजे यहोवा माझा पिता. पण ८:३ सांगतं की हे दोघे लोभाला वळले, लाच घेऊ लागले, न्याय वाकडा करू लागले. आमच्या कोडमध्ये हे रोज दिसतं. व्हेरिएबलचं नाव छान, आत व्हॅल्यू भलतीच. वाचणारा नावावर विश्वास ठेवतो आणि सिस्टिम कोसळते.

इथेही तेच झालं. मुलांचं वागणं बघून वडीलजनांनी इतर राष्ट्रांसारखा राजा मागितला. मिळालेल्या राजाचं नाव काय? शौल, म्हणजे मागितलेला! हन्नेनेही मागितलं, इस्राएलानेही मागितलं. तिने मिळालेलं परत देवाच्या हाती ठेवलं. यांना मात्र देवावाचून भागेल असा कोणी हवा होता.

आणि ज्याला लोकांनी बाजूला सारलं तो म्हातारा शमुवेल काय म्हणाला? १२:२३ वाचा. तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर ते माझं परमेश्वराविरुद्ध पाप होईल, असं तो मानतो. आपण प्रार्थनेला चांगली सवय म्हणतो. ज्याचं नावच प्रार्थनेतून आलं तो ती सोडण्याला पाप म्हणतो.

३) दोन स्टेशनांवरची साक्ष

शिलो फार लांब वाटत असेल, तर पाटसहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. मधलं कडेठाण गेलं की केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेताना त्यांना मेरी रमा हे नाव मिळालं, पण आपण त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना घर दिलं. घरांची नावं बघा : मुक्ती, कृपा. आंधळ्यांच्या घराला बार्तीमयाचं नाव.

१९०५ च्या जागृतीच्या काळात इथल्या मुली रोज एकत्र जमून प्रार्थना करीत, आणि लोकांची एकेक नावं घेऊन करीत. "प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे" एवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. माझ्या आजीच्या उशाशीही अशीच एक वही असते. पानं सुटलेली, नावं भरलेली. माझं नाव त्यात आहे हे मला माहीत आहे.

रमाबाईंनी सगळं पवित्र शास्त्र इब्री आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत आणायला घेतलं. त्यात कितीतरी वर्षं गेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, कामातला उजवा हात. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते पूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर आलं. आईने शब्द पाळला, पण छापून बांधलेलं पुस्तक हातात घ्यायला ती उरली नव्हती.

४) जखऱ्या, अलीशिबा, योहान : तो विसरत नाही

इथपर्यंत आल्यावर मला फक्त लाज वाटत होती. मग लूकचा पहिला अध्याय उघडला.

जखऱ्या म्हणजे परमेश्वर आठवण ठेवतो. अलीशिबा म्हणजे माझा देव शपथ आहे. योहान म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. तिन्ही नावं एका दमात वाचा : परमेश्वर आपली शपथ आठवतो आणि कृपा करतो! आणि जखऱ्याची वाचा परत येते तेव्हा तो नेमकं हेच गातो, की देवाने आपला करार आठवला, अब्राहामाला वाहिलेली शपथ आठवली (१:७२-७३). विशेष म्हणजे ज्याच्या नावातच आठवण आहे, तोच आधी देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवू शकला नव्हता. तरी देवाने आपला शब्द मागे घेतला नाही.

मित्रांनो, एक नीट समजून घेऊ. माझ्या नवसाच्या बदल्यात देवाने माझी मुलगी वाचवली असं मी मानत नाही. तो सौदा करत नाही. नवस न करण्यात पाप नाही, असं अनुवाद २३:२२ स्पष्ट सांगतं. पण तोंडातून निघालेला शब्द पाळ, असं पुढचंच वचन सांगतं. आपण वधस्तंभाकडे बघतो तेव्हा दिसतं की त्याने आपला शब्द कोणत्या किमतीला पाळला. त्या कृपेने आपला थकलेला नवस माफ होतो, आणि त्याच कृपेने तो पुन्हा उचलायची ताकद येते.

परवा मी टीममध्ये बोलून रविवारचं ऑन-कॉल शनिवारशी बदलून घेतलं. आजीला फोन केला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "शमुवेल, लेकरं अजून विचारतात रे तुझं."

काल सकाळी पाटसला गेलो. सात मुलं होती. काहींचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला गेलेले. शिकवायच्या आधी मी मुलांना सांगितलं, "मी येईन म्हणालो होतो आणि आलो नाही. माझं चुकलं." मग प्रत्येकाला नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. निघताना एकाने विचारलं, "दादा, पुढच्या रविवारी येणार?" मी हो म्हणालो, आणि खरं सांगतो, थोडी भीती वाटली. ती भीती बरी आहे असं वाटतं.

आज विचार करण्यासाठी :
– तुमच्या नावाचा अर्थ काय? ते कोणी ठेवलं आणि काय मागून?
– अडचणीत असताना देवाला दिलेला कोणता शब्द नंतर मागे पडला?
– आज कोणत्या तीन माणसांसाठी तुम्ही नाव घेऊन प्रार्थना कराल?

प्रार्थना : प्रभू येशू, तू आम्हाला नावाने ओळखतोस. आम्ही मागताना रडलो आणि मिळाल्यावर विसरलो, आम्हाला क्षमा कर. हन्नेसारखं परत देणारं मन दे. शमुवेलासारखं दुसऱ्यांसाठी प्रार्थना न सोडणारं मन दे. आमच्या होयला होय राहू दे. आणि आम्ही कमी पडतो तेव्हा तुझी शपथ आम्हाला धरून ठेवो. तुझ्याच नावात मागतो. आमेन.